उघड्या अंगाची हॉक

चेन ताणायची म्हणजे काय व्याप असतो, हे गाडी जिवापाड सांभाळणाऱ्याला सांगायला नको. मागचा नट सैल करा, दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखे फिरवा, खुणा जुळवा. जरा चुकलं की चाक तिरकं. १९८८च्या होंडा हॉक जीटीवर हे काम निराळं होतं. तिचं मागचं चाक एकाच बाजूच्या जाड अॅल्युमिनियमच्या बाहूवर बसलेलं, हबमधला आस मध्यापासून किंचित सरकवलेला. क्लॅम्पचा बोल्ट सैल करून हब पान्याने फिरवला की चेन ताणली जाते. जुळवायला दुसरी बाजूच नाही!

ही कल्पना शर्यतीच्या मैदानातून आली. एल्फ या फ्रेंच तेल कंपनीच्या प्रायोगिक शर्यतगाड्यांवर असा एकबाहू स्विंगआर्म होता. होंडाने तो ‘प्रो-आर्म’ या नावाने आपल्या गाड्यांवर आणला. १९८८मध्ये फ्रेड मर्केलने ज्या गाडीवर पहिलं सुपरबाइक जगज्जेतेपद मिळवलं, त्या होंडा आरसी३०लाही प्रो-आर्मच होता. हॉक मात्र अमेरिकेत ३,९९५ डॉलरला मिळत होती, म्हणजे ती साध्या नोकरदारासाठी होती.

इंजिन ६४७ सीसीचं, ५२ अंशांचं व्ही-ट्विन, दर सिलिंडरला तीन व्हॉल्व्ह आणि दोन प्लग. एका सिलिंडरला दोन प्लग म्हटलं की आपल्याला २००३ची पल्सर डीटीएस-आय आठवते. हॉकवर ते पंधरा वर्षं आधी होते. पण खरी करामत आत, क्रँकशाफ्टमध्ये आहे. ९० अंशांच्या व्ही-ट्विनची मुख्य थरथर आपसूक खोडली जाते, पण ते इंजिन लांबीला ऐसपैस जागा मागतं. ५२ अंशांचं आटोपशीर, पण थरथरणारं. होंडाने दोन्ही क्रँकपिन एकमेकींपासून ७६ अंशांनी फिरवल्या. हिशेब सरळ आहे : १८०तून ५२ची दुप्पट वजा करा. एवढ्याने मुख्य थरथर मिटली, बॅलन्सर शाफ्टचं वजन वाचलं आणि गाडी सडपातळ राहिली. मला या गाडीतलं सगळ्यात देखणं काही वाटत असेल, तर ते हे न दिसणारं काम.

बाकी सगळं उघडंच होतं. इंजिन, अॅल्युमिनियमची जाडजूड चौकट, तो बाहू, फेअरिंग नाहीच. आणि तिथेच घात झाला. होंडाच्याच शोरूममध्ये नखशिखांत प्लॅस्टिक ल्यालेली चार सिलिंडरची हरिकेन ६०० उभी होती. कागदावरचे ताकदीचे आकडे हरिकेनच्या बाजूने होते. हॉकला गिअर पाच, टाकी लहान, पुढे एकच डिस्क. वळणात ती किती हलकी वळते हे माहितीपत्रकात छापता येत नाही, आणि गिऱ्हाईक माहितीपत्रक वाचून ठरवत होतं. त्याला दोष देववत नाही. पण गाडीवर अन्याय झाला, हे म्हणायलाच हवं. जपानमध्ये ती ‘ब्रॉस’ नावाने, ४०० सीसीच्या धाकट्या भावासह आली. अमेरिकेतली विक्री १९९१ला थांबली.

पुढच्याच वर्षी कोलोनच्या प्रदर्शनात डुकाटीने मॉन्स्टर मांडली : व्ही-ट्विन, उघडी चौकट, उघडं इंजिन. १९९९मध्ये सुझुकीची एसव्ही६५० आली, तीही अॅल्युमिनियमच्या चौकटीतली व्ही-ट्विनच. दोघी भरपूर खपल्या.

हॉकचं इंजिन मात्र स्वस्थ बसलं नाही. १९८८च्याच आफ्रिका ट्विनमध्ये ते होतं आणि युरोपातल्या एनटीव्ही६५० रिव्हियरमध्येही. या रिव्हियरला चेनऐवजी शाफ्ट. लंडनच्या कुरिअरवाल्यांनी ती उचलून धरली : पावसापाण्यात दिवसभर गाडी पळवायची, आणि संध्याकाळी चेनला तेल घालत बसायला नको.