सर्वांचा नाच आणि श्रमणारे शरीर

गेली तीस वर्षे आम्ही यंत्रमाग कामगारांत संघटनेचे काम करीत आहोत. त्यामुळे व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला, तेव्हा किमान वेतन, बोनस किंवा भविष्यनिर्वाह निधी यांपैकी काहीतरी आम्ही सांगू, अशी त्यांची समजूत होती. आम्ही ‘नाच’ म्हणालो. चिटणिसांनी क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि ‘म्हणजे लोकनृत्याची परंपरा ना?’ असे सौम्यपणे विचारले. अगदी तसे नव्हे. रंगमंचावर काहींनी नाचावे आणि बाकीच्यांनी तिकीट काढून पाहावे, त्या नाचातले आम्हांला फारसे कळत नाही. ज्या नाचात सहा वर्षांचे मूल, कामावरून निवृत्त झालेला म्हातारा आणि त्या दोघांना हाताला धरून घेऊन आलेली बाई, अशी तिघेही उतरतात आणि बाहेर बसून पाहणारा जवळजवळ कोणी उरत नाही, त्या नाचाविषयी आम्हांला बोलावयाचे आहे.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. झिम्मा-फुगडीत आजी आणि नात एकमेकींचे हात धरतात. वारल्यांच्या तारपानाचात वाजविणाऱ्याभोवती सारा पाडा साखळी धरून फिरतो. लेझीम तर घाटावरच्या बहुतेक गावांत आहे. दीड हाताचा लाकडी दांडा, त्याला लोखंडी साखळी आणि साखळीत पत्र्याच्या चकत्या, एवढेच तिचे भांडवल. ती मुळात तालमीतली कसरत. पुढे हलगीच्या ठेक्यावर ती मिरवणुकीत आली आणि कसरतीचा नाच झाला. लेझमीची एक खुबी लक्षात घेण्यासारखी आहे. ज्याला पावले येत नाहीत तो मागच्या रांगेत उभा राहतो, पुढच्याचे पाय पाहतो आणि तासाभरात त्याला चार-आठ ठोक्यांचे आवर्तन जमू लागते. वेगळा शिक्षक लागत नाही, प्रवेश-परीक्षाही नाही.

आमचे वडील मुंबईत गिरणीच्या साचेखात्यात होते. रात्रपाळी करून आलेला माणूस गणपतीच्या मिरवणुकीत पुन्हा सहा तास लेझीम कशी खेळतो, याचे लहानपणी आम्हांला नवल वाटे. एकदा आम्ही विचारलेही. ते म्हणाले, ‘तिकडे हात साच्याचे असतात, इकडे माझे असतात.’ १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. वडिलांना पुन्हा गिरणी दिसली नाही. आम्ही सातवीतून शाळा सोडली आणि पुढे इचलकरंजीला मागावर उभे राहिलो. बारा तासांच्या पाळीत कांडी बदलणे, तुटलेला धागा जोडणे आणि पुढच्या मागाकडे वळणे, हेच करावयाचे. काही महिन्यांत उजवा खांदा एका बाजूला ओढू लागला आणि वडिलांच्या वाक्याचा अर्थ आम्हांला कळला.

त्या वाक्याचा शास्त्रीय विचार कोणी केला आहे, हे आम्हांला बऱ्याच वर्षांनी रस्त्यावर घेतलेल्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकातून समजले. मांडीवर शब्दकोश घेऊन आम्ही ते वाचले. रुडॉल्फ लाबान हे त्या विचारवंताचे नाव. त्यांचा जन्म १८७९ साली आजच्या ब्रातिस्लाव्हा शहरात, लष्करी अधिकाऱ्याच्या घरी झाला. माणसाच्या सर्व हालचाली कागदावर लिहिता येतील अशी एक लिपी त्यांनी तयार केली. ती १९२८ साली प्रसिद्ध झाली. पण त्याहून महत्त्वाचे काम म्हणजे त्यांनी जर्मनीत उभी केलेली ‘हालचालींची समूहवृंदे’. जसे समूहगान असते, तसे हे समूहचलन. हॅम्बुर्गमध्ये १९२० नंतरच्या काही वर्षांत ही वृंदे जमू लागली. त्यांत धंदेवाईक नर्तक थोडे, दिवसभर आपापले काम करून संध्याकाळी येणारी सामान्य माणसे फार. ज्याच्या अंगात जोर त्याने जोराची हालचाल करावी, ज्याचे अंग हलके त्याने हलकी. सगळ्यांनी सारखेच करावे असा आग्रह नव्हता. सगळ्यांचे मिळून एक व्हावे, एवढाच होता.

१९२९ च्या जूनमध्ये व्हिएन्ना शहरात कारागीर आणि उद्योगधंदे यांची एक प्रचंड मिरवणूक निघाली. तिची रचना लाबान यांनी केली होती आणि तिच्यात सुमारे १०,००० माणसांनी भाग घेतला. त्यासाठी त्यांनी निरनिराळ्या धंद्यांतील माणसे काम कसे करतात ते पाहिले आणि त्या कामाच्या हालचालींतूनच नाच बांधले. आमच्यासारख्याला हे वाचून विलक्षण वाटले. कामगारांची मिरवणूक आम्हीही काढतो; पण तिच्यात आमच्या हातांत फलक असतात. हातांना काय येते ते मिरवणुकीत कधी दिसत नाही.

येथवरची गोष्ट आनंदाची आहे. पुढची सांगितली नाही तर श्रोत्यांची फसवणूक होईल. हजार माणसे एका ठेक्यावर हलतात हे दृश्य फार मोहक असते, आणि ते ज्याला प्रथम मोहविते तो सत्ताधारी. लाबान बर्लिनच्या सरकारी ऑपेरात नृत्यविभागाचे प्रमुख होते. १९३३ साली नाझी सत्तेवर आल्यावर ते पद त्यांनी सोडले नाही. त्यांच्याच कारकिर्दीत तेथील मुलांच्या वर्गातून ज्यू मुलांना वगळण्यात आले. १९३४ पासून ते प्रचारमंत्री गोबेल्स यांच्या खात्याखाली काम करीत होते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी त्यांनी सुमारे एक हजार लोकांचे समूहचलन बसविले. जूनमध्ये रंगीत तालीम झाली, गोबेल्स यांनी ती पाहिली, आणि प्रयोग बंद केला. त्या राजवटीला माणसे एकत्र हवी होती, पण हुकमाने हलणारी हवी होती. लाबान यांचा मान गेला, आणि पुढे त्यांनी देश सोडला. त्याच वर्षी त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने आपले देशी खेळ जगाला दाखविले होते, ही नोंद आपल्याला अभिमानाची आहे. पण ज्या शहरात आपल्या खेळाडूंचे स्वागत झाले, त्याच शहरातल्या नाचाच्या वर्गात काही मुलांना जागा नव्हती, हेही तिच्याशेजारी लिहून ठेवावे.

१९३८ साली लाबान इंग्लंडला आले. महायुद्ध सुरू झाले, पुरुष आघाडीवर गेले आणि कारखान्यांतली अवजड कामे स्त्रियांच्या अंगावर आली. तेव्हा लॉरेन्स या मँचेस्टरच्या औद्योगिक सल्लागाराबरोबर लाबान कारखान्यांत हिंडू लागले. जड टायर स्त्रियांना केवळ दंडाच्या जोराने उचलता येत नसत. सगळ्या अंगाचा झोका देऊन ते कसे हलवावे, हे त्यांनी शिकविले. एकाच बाजूला राबणाऱ्या शरीराला उलट बाजूची हालचाल मिळाली पाहिजे, असेही ते सांगत. दोघांनी मिळून लिहिलेले पुस्तक १९४७ साली निघाले. त्यातला मुख्य विचार सोपा आहे. कोणत्याही हालचालीत चार गोष्टी पाहाव्यात: वजन, वेळ, दिशा आणि ओघ. जोर जड की हलका? वेग झटक्याचा की सावकाश? दिशा सरळ की वळणावळणाची? ओघ आवरलेला की मोकळा? नारळ फोडताना हात जड, झटक्याचा आणि सरळ असतो. सुईत दोरा ओवताना तो हलका, सावकाश आणि आवरलेला असतो. माशी हाकलताना हलका, झटक्याचा आणि वळणाचा. दिवसभर ज्याला एकच जात करावी लागते, त्याच्या शरीराला बाकीच्या जाती विसरू लागतात. समूहनाचाचा खरा उपयोग हा की विसरलेल्या जाती तो परत आणतो.

येथे संघटनेच्या माणसाने एक प्रश्न विचारलाच पाहिजे. टायर झोक्याने उचलला तर पाठ वाचते, हे खरे. पण त्यामुळे दिवसाला दहा टायर जास्त उचलले गेले, तर त्या दहांची मजुरी कोणाला? हालचालीचे शास्त्र मालकाच्या हातात गेले की त्याचे उत्पादनाचे कोष्टक होते, सत्तेच्या हातात गेले की संचलन होते. लोकांच्या हातात राहिले तरच त्याचा नाच होतो.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो असे म्हणावयास आवडले असते. पण आम्ही ते आमच्या चुकीतून शिकलो. तीन वर्षांपूर्वी १ मेच्या निमित्ताने आम्ही कामगारांच्या कुटुंबांसाठी पंधरा दिवसांचा वर्ग काढला. एका सभागृहाच्या व्यवस्थापकांनी ‘नाचाला जागा देत नाही’ असे सांगितल्यामुळे शाळेच्या मैदानावर जमलो. पहिल्या संध्याकाळी चाळीस माणसे आली. आम्ही गळ्यात शिट्टी अडकविली, रांगा केल्या, चुकणाऱ्याला नाव घेऊन सांगितले. तिसऱ्या दिवशी अकरा उरली. कांडी भरण्याचे काम करणाऱ्या एक मावशी जाता जाता म्हणाल्या, ‘दादा, जॉबर दिवसभर असतोच की. संध्याकाळी परत कशाला?’

चौथ्या दिवशी शिट्टी घरी ठेवली. रांगा मोडून रिंगण केले, म्हणजे पहिली रांग आणि शेवटची रांग हा भेद गेला. प्रत्येकाने आपले नाव सांगावे आणि नावाबरोबर एक हालचाल करावी. बाकीच्यांनी ती तशीच परत करावी. ज्यांना उभे राहवत नाही त्यांच्यासाठी रिंगणातच खुर्च्या ठेवल्या, बाहेर नव्हे. मग प्रत्येकाने आपल्या कामातली एक हालचाल आणावयाची: ती आधी बारीक करावयाची, मग मोठी, मग फार सावकाश, मग हलकी. मावशींनी कांडी भरण्याची हालचाल आणली, एका तरुणाने धोट्याची फेक आणली, एका मुलीने दप्तर खांद्यावर टाकण्याची. या सर्वांना हलगीच्या आठ ठोक्यांत बसविले तेव्हा लेझमीचा एक नवाच हात तयार झाला. मावशींनी त्यात आणखी एक भर घातली. सातव्या ठोक्याला ‘धागा तुटला’ म्हणावयाचे आणि आठव्याला सगळ्यांनी जागच्या जागी थांबावयाचे. मागावर धागा तुटला की कामगाराची धावपळ सुरू होते. येथे सगळे थांबत आणि हसत.

त्या रिंगणात एक जुने विणकर होते. चाळीस वर्षे मागाच्या खडखडाटात काढल्यामुळे त्यांना जवळजवळ ऐकू येत नसे, आणि म्हणून ते नुसते बसून राहात. एका मुलाने त्यांचा हात धरून हलगीच्या कडेवर ठेवला. थोड्या वेळाने त्यांनी हात काढून घेतला, उजवा पाय मुलाच्या पायाला लावला आणि त्याच्या पावलातून ठेका घेऊ लागले. पंधराव्या दिवशी ते उभे राहून नाचले. त्यांचा कान परत आला नाही. खडखडाटाविरुद्ध आमची तक्रार अजून चालू आहे आणि चालू राहील. पण पुढच्या सभेला ते पहिल्यांदा आले आणि कानाच्या तपासणीचा ठराव त्यांनीच मांडला. नाच आणि ठराव यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. आम्ही एवढेच म्हणू की शेजाऱ्याच्या पायावर विश्वास टाकावयास जो शिकला, त्याला हात वर करावयास फार वेळ लागत नाही.

म्हाताऱ्या माणसांचा उल्लेख निघाला म्हणून आणखी दोन गोष्टी. लंडनच्या सॅडलर्स वेल्स या प्रसिद्ध नाट्यगृहाशी संलग्न असा साठीच्या पुढच्या माणसांचा नृत्यसंघ १९८९ पासून आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात २००१ पासून कंपवाताच्या रुग्णांसाठी नाचाचे वर्ग चालतात. २००३ साली अमेरिकेत एक पाहणी प्रसिद्ध झाली. पंच्याहत्तरीच्या पुढच्या ४६९ माणसांची काही वर्षे नोंद ठेवली होती. त्यांच्या शारीरिक व्यायामांपैकी नाचाचाच संबंध स्मृतिभ्रंश कमी आढळण्याशी दिसून आला. नाचामुळे तो टळतोच असे यावरून सिद्ध होत नाही. पण आजोबांना खुर्चीत बसवून ठेवण्याचा आग्रह धरणाऱ्या घरांनी त्याचा विचार करावा.

आपल्या नगरात असा वर्ग काढावयाचा झाल्यास फार काही लागत नाही. अंगण किंवा गच्ची, एक हलगी आणि आठवड्यातून दोन संध्याकाळचा एकेक तास पुरतो. गुडघेदुखी, रक्तदाब असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, आणि दमल्यावर बसण्याची मोकळीक प्रत्येकाला असावी. आणि तीन प्रश्न विचारून पाहावेत. सर्वांत अशक्त माणसाला रिंगणात जागा आहे काय? नाचणाऱ्याला आपली हालचाल बदलण्याची मुभा आहे काय? जमलेल्या गर्दीचा फायदा कोण घेतो? आजकाल मिरवणुकीत भोंग्यांच्या भिंती येतात आणि हजारो लोक दोन्ही बाजूंना उभे राहून पाहतात, त्यांनाही हे तीन प्रश्न लावून पाहावेत.

हे व्याख्यान संपल्यावर सभागृहातल्या खुर्च्या भिंतीशी लावण्याची परवानगी आम्ही चालकांकडून आधीच घेतली आहे. हलगीवाले बाहेर बसले आहेत. ज्यांना घरी जाण्याची घाई आहे त्यांनी अवश्य जावे. बाकीच्यांनी फक्त चपला बाजूला काढून ठेवाव्यात.