‘मॅप केवढा आहे भावा?’ ओपन-वर्ल्ड गेममध्ये हा प्रश्नच चुकतो, तो असा

नवा ओपन-वर्ल्ड गेम येणार म्हटलं की कमेंटमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘मॅप केवढा आहे भावा?’

नुसत्या मॅपवर गेम भारी ठरत असता, तर १९९६ साली आलेला ‘डॅगरफॉल’ आजही सगळ्यांच्या पुढं असता. त्याचं जग सुमारे १ लाख ६० हजार चौरस किलोमीटरचं. अख्खा कोल्हापूर जिल्हा त्यात वीस वेळा बसेल! गावं हजारोंनी, पण बहुतेक संगणकानं एकाच साच्यातून काढलेली. एक बघितलं की दहा बघितली. त्याच मालिकेतला २०११ चा ‘स्कायरिम’ जेमतेम ३७ चौरस किलोमीटरचा, तरी लोक अजून त्यात भटकतायत.

मग गेमला खोली येते कुठून?

हे शाहूवाडीत पटकन कळतं. जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडं निघाले. पन्हाळा ते पावनखिंड हे अंतर पन्नासेक किलोमीटरचं. गेमच्या हिशेबात हा मॅप छोटाच. पण वर रात्र, पाऊस, चिखल, दाट झाडी आणि मागं सिद्दी मसूदची फौज. घोडखिंड चिंचोळी होती, म्हणूनच बाजीप्रभूंना मोजक्या बांदलांसह एवढी मोठी फौज अडवून धरता आली. तिथं सपाट माळ असता तर? म्हणजे इथली जमीन मागचा पडदा नव्हती, ती लढाईत उतरली होती.

निन्टेन्डोच्या ‘झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’नं (२०१७) नेमकं हेच केलं. पावसात कडा निसरडा होतो, चढताना हात सुटतो. वादळात अंगावर लोखंड असेल तर वीज तुमच्यावरच पडते. वाळलं गवत पेटवलं की गरम हवा वर उठते आणि त्या हवेवर तुम्ही छत्री धरून उडू शकता. हे कुठल्या मिशनमध्ये लिहिलेलं नाही, जगाचे नियमच तसे आहेत. त्यामुळं दोन खेळाडूंची गोष्ट सारखी होत नाही. टेकड्याही मुद्दाम अशा ठेवल्यात की पलीकडचं थोडंच दिसावं. दिग्दर्शक फुजीबायाशी यांनी तर अंतराचा अंदाज घ्यायला आपल्या ओळखीच्या क्योटो शहराचा नकाशा गेमच्या मॅपवर ठेवून बघितला होता.

याउलट कित्येक महागडे गेम मॅपभर शंभर खुणा टाकतात आणि एकेक पुसायला लावतात. माझ्या मते तो खेळ नाही, तलाठी कार्यालयातलं काम आहे.

म्हणून तीन-चार हजार घालवायच्या आधी ट्रेलर सोडा, कुणाचा तरी साधा गेमप्ले बघा. खेळणारा मिशन सोडून भलतीकडं वळतो, तिथली दहा मिनिटं नीट बघा. तिथं काहीच घडत नसेल, तर मॅप केवढाही असो, सेल लागेपर्यंत थांबा.