कालप्रवाशाची साक्ष

एच. जी. वेल्स यांच्या १८९५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द टाइम मशीन’ या कादंबरीतील प्रवासी इसवी सन ८०२७०१ मधील पृथ्वी पाहून घरी परततो, आणि फाटक्या कपड्यांनिशी, लंगडत, भुकेने व्याकुळ होऊन जेवणाच्या मेजापाशी येऊन आपली हकीकत सांगतो, तेव्हा भोवतालच्या सुशिक्षित मंडळींपैकी कोणालाही त्या हकीकतीचा अर्थ विचारावासा वाटत नाही. जो तो पुरावा मागतो. प्रवाशाच्या खिशात वीना नावाच्या, त्या दूरच्या युगातील एका स्त्रीने ठेवलेली दोन पांढरी फुले तेवढी असतात. मंडळींतले डॉक्टर ती दिव्यापाशी नेऊन निरखतात आणि ही फुले कोणत्या कुळातली हे आपल्याला सांगता येत नाही असे कबूल करतात. दुसऱ्या खेपेस निघताना प्रवासी बरोबर कॅमेरा घेतो. पण त्या खेपेहून तो परत येतच नाही.

कालप्रवासाच्या वाङ्मयाविषयी लिहिताना बहुतेक लेखक यंत्राची चर्चा करतात, भूतकाळ बदलता येईल काय याचा खल करतात, आणि विज्ञानाला हे कितपत मान्य आहे याचा निवाडा देऊन मोकळे होतात. मला या ग्रंथांत अधिक कुतूहल वाटते ते खिशातल्या फुलांचे. ज्याला दुसऱ्या काळात जाऊन स्वतःविषयी काही कळले, त्याला ते खरेच घडले असे मानण्यास आधार कोणता, आणि तो आधार द्यायला साक्षीदार म्हणून उभे कोणाला केले जाते, हा प्रश्न आत्मशोधाच्या हेतूने लिहिलेल्या कालप्रवासाच्या पुस्तकांतून पुनःपुन्हा येतो; आणि तो वेल्सच्या फार आधी, यंत्राचा मागमूसही नसलेल्या एका संस्कृत ग्रंथात आपल्याकडे अत्यंत सूक्ष्मपणे मांडला गेला आहे.

योगवासिष्ठ परंपरेने वाल्मीकींच्या नावावर चालते. रामाला वैराग्य प्राप्त झाले असता वसिष्ठांनी त्याला केलेला उपदेश, वैराग्यापासून निर्वाणापर्यंत सहा प्रकरणे, आणि बत्तीस हजार ही रूढ ग्रंथसंख्या, असा त्याचा अवाढव्य पसारा आहे. दहाव्या शतकाच्या सुमारास काश्मीरात रचलेल्या ‘मोक्षोपाय’ नामक ग्रंथात त्याचे मूळ असल्याचे अलीकडच्या पाठसंशोधनाने दाखविले आहे. काळाशी हा ग्रंथ ज्या निर्धास्तपणे खेळतो तो पाहून आजचा विज्ञानकथाकारही क्षणभर थबकेल. लीलेच्या आख्यानात एक ब्राह्मण मरून अवघे आठ दिवस होतात, तोच त्याचे राजा म्हणून दुसरे संपूर्ण आयुष्य जगून झालेले असते. भागवतातील ककुद्मी राजाची कथा यापुढे साधी वाटते: मुलीसाठी वर विचारायला तो ब्रह्मलोकी जातो, गंधर्वांचे गायन संपेपर्यंत थांबतो, आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटून जातात. ककुद्मीचा काळ चुकला, इतकेच. रेवती बलरामाला देऊन तो बदरिकाश्रमाची वाट धरतो, आणि स्वतःविषयी त्याला काही नवे उमगल्याचे भागवतकार सांगत नाहीत.

लवणाची गोष्ट अशी नाही. हरिश्चंद्राच्या कुळातला हा राजा भर दरबारात बसला असता एक ऐंद्रजालिक येऊन मोरपिसांचा कुंचा फिरवितो, समोर एक घोडा येतो, आणि राजा सिंहासनावर निश्चल होतो. थोड्या वेळाने भानावर येऊन तो जे सांगतो ते एका आयुष्याचे कथन आहे: घोड्याने रानात नेले, वेलीला लोंबकळून जीव वाचविला, भुकेने कासावीस झालो असता एका चांडाळकन्येने लग्नाच्या अटीवर अन्न दिले, तिच्याशी संसार केला, मुले झाली, म्हातारपण आले, मग दुष्काळ पडला, धाकटा मुलगा मांसासाठी रडू लागला, तेव्हा त्याने माझे मांस खावे म्हणून मी चितेत उडी घेतली, आणि जागा झालो तो येथे. कथा इथेच संपविली असती तर एक सुंदर स्वप्नकथा झाली असती. वसिष्ठ ती संपवीत नाहीत. लवण मंत्र्यांसह विंध्याच्या रानात शहानिशा करायला जातो, आणि तिथे त्याला ती वस्ती सापडते, दुष्काळाच्या खुणा सापडतात, आणि जावई, मुलगी व नातवंडे गेली म्हणून आक्रोश करणारी म्हातारी सासूही सापडते.

उपशम प्रकरणातील गाधीची कथा याच आकृतिबंधाची, पण तपशिलात अधिक गुंतागुंतीची आहे. मला माया पाहायची आहे, असा वर या ब्राह्मणाने विष्णूजवळ मागितलेला. एके दिवशी स्नानासाठी पाण्यात बुडी मारली असता तो स्वतःचा मृत्यू पाहतो, दहन पाहतो, भूतमंडलातील एका चांडाळाच्या घरी जन्म घेतो, संसार करतो, घरची सारी माणसे गमावून भटकत कीर देशाच्या राजधानीत पोचतो. तिथला राजा नुकताच मेलेला. राजहत्ती याला उचलून पाठीवर बसवितो, आणि हा आठ वर्षे राज्य करतो. मग त्याच्या जातीचा एक वृद्ध त्याला ओळखतो. ज्यांनी त्याच्या हातचे खाल्ले, ज्यांनी त्याला मुजरे केले, ते नागरिक प्रायश्चित्त म्हणून अग्निप्रवेश करतात, पाठोपाठ हाही करतो, आणि गाधी पाण्यातून डोके वर काढतो. पुढे घरी आलेला एक पाहुणा सहज बोलता बोलता सांगतो, की कीर देशात आठ वर्षे एका चांडाळाने राज्य केले. गाधी उठतो आणि चौकशीला निघतो. भूतमंडलात जातो, कीर देशात जातो, आणि जे जे आपण पाहिले होते ते ते जागच्या जागी असल्याचे त्याला आढळते.

एवढी रुजुवात झाल्यावर कोणताही न्यायाधीश दावा मान्य करील. वसिष्ठांचा विलक्षणपणा असा, की पुरावा पूर्ण होताच ते त्याची किंमत शून्यावर आणतात. लवणाच्या बाबतीत त्यांचा खुलासा असा आहे, की राजाने पूर्वी मनोमन राजसूय यज्ञ केला होता, यज्ञ मानसिक म्हणून त्याचे क्लेशही मानसिक, आणि तो ऐंद्रजालिक इंद्राचा दूत. विंध्यातल्या लोकांना तीच हकीकत का दिसली, तर कावळा बसावा आणि ताडाचे फळ पडावे अशा काकतालीय न्यायाने एकच प्रतिभास दोन ठिकाणच्या मनांत उमटला. म्हणजे साक्षीदार खोटा नाही. पण साक्षीदार, आरोपी आणि न्यायासन ही तिन्ही एकाच चित्ताची रूपे ठरतात, तेव्हा साक्षीने सिद्ध करायचे तरी काय उरते? हा युक्तिवाद मला कधीही पूर्ण पटलेला नाही. तरीही पुरावा हाती ठेवून मग तो निरर्थक ठरविण्याचे हे धाडस केवळ स्वप्न म्हणून हात झटकण्यापेक्षा कितीतरी मोठे आहे, हे कबूल केलेच पाहिजे.

या ग्रंथाची पुढची वाटचालही मनोरंजक आहे. शाहजादा सलीम याच्यासाठी सोळाव्या शतकाच्या अखेरीस लघुयोगवासिष्ठाचे फारसी भाषांतर दोन पंडितांच्या साहाय्याने निजामुद्दीन पानिपती याने केले. अकबरासाठी १६०२ साली सिद्ध झालेली एक सचित्र फारसी प्रत डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आज जतन केलेली आहे. पुढे दाराशुकोहने नवे भाषांतर करविले, आणि त्याच्या प्रस्तावनेत कारण दिले ते असे, की स्वप्नात वसिष्ठ आणि रामचंद्र यांचे दर्शन झाले आणि वसिष्ठांच्या सांगण्यावरून रामचंद्रांनी त्याला आलिंगन दिले. मोगल दफ्तराला फर्माने, दस्तके आणि मोहरा यांची केवढी ओढ! त्या दफ्तराच्या मालकाच्या घरात, स्वप्नाला मायिक म्हणणाऱ्या ग्रंथाच्या भाषांतरासाठी, एक स्वप्न सनद म्हणून दाखल व्हावे यात मौज आहे.

विसाव्या शतकात युरोपने हाच प्रश्न टाचणे ठेवून सोडवू पाहिला. जे. डब्ल्यू. डन हे ब्रिटिश सैन्यातले अधिकारी आणि प्रारंभीच्या विमानविद्येतले एक कल्पक अभियंते. त्यांचे ‘अॅन एक्सपेरिमेंट विथ टाइम’ १९२७ साली निघाले. स्वप्ने जाग येताच लिहून काढावीत, म्हणजे त्यांत भूतकाळाइतकाच भविष्यकाळही मिसळलेला आढळेल, असा त्यांचा सिद्धान्त. त्यांचे सर्वांत प्रसिद्ध स्वप्न १९०२ सालचे. दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांना दिसले, की एक बेट स्फोटाने उडणार आहे आणि ४००० माणसे मरणार आहेत, म्हणून आपण फ्रेंच अंमलदारांकडे जहाजांसाठी धावाधाव करीत आहोत. पुढे वृत्तपत्र आले. मार्तिनिक बेटावरील ज्वालामुखीचा उद्रेक, आणि मथळ्यात ४०००० बळींचा अंदाज. डन यांनी तो आकडा घाईत ४००० असाच वाचला, आणि आपला वाचनदोष त्यांच्या ध्यानात आला तो कित्येक वर्षांनी, मजकूर उतरून घेताना. यातून त्यांनी काढलेले अनुमान प्रामाणिक होते: स्वप्नात त्यांना ज्वालामुखी दिसलाच नव्हता, दिसला होता तो स्वतःचा वृत्तपत्र वाचण्याचा भावी क्षण. जे. बी. प्रीस्टली यांनी १९३७ मध्ये डन यांच्या कल्पनेवर नाटक रचले. त्याच वर्षी त्यांनी दुसऱ्या एका नाटकाला पी. डी. उस्पेन्स्की यांच्या विचारांचा आधार घेतला, आणि त्यांच्याकडे आता वळले पाहिजे.

उस्पेन्स्की यांची ‘स्ट्रेंज लाइफ ऑफ इव्हान ओसोकिन’ ही कादंबरी रशियन भाषेत १९१५ साली, तर इंग्रजीत त्यांच्या निधनाच्या वर्षी, १९४७ साली आली. रशियन आवृत्ती निघण्यापूर्वीच ते सत्याच्या शोधात अड्यारला आणि सिंहलद्वीपात येऊन गेले होते, आणि १९१५ मध्येच मॉस्कोला त्यांना गूढवादी गुरू गुर्जिएफ भेटले होते. कादंबरीचा प्रारंभ १९०२ सालच्या एप्रिलमध्ये, मॉस्कोच्या रेल्वेस्थानकावर होतो. म्हणजे डन यांचे स्वप्न आणि ओसोकिनची निराशा एकाच वसंतातली. प्रेयसी गाडीने निघून गेलेली, आयुष्य हातचे गेलेले, अशा अवस्थेत ओसोकिन एका मांत्रिकाकडे जातो आणि म्हणतो, मला शाळेच्या दिवसांत परत धाडा, सर्व आठवणींसह धाडा, मग पाहा मी काय करतो ते. मांत्रिक बजावतो, की तू पुन्हा अगदी हेच करशील. आणि तो तेच करतो. वर्गात पाठ चुकतो, घरी आईला दुखवितो, शाळेतून काढला जातो; प्रत्येक वळणावर पुढे काय घडणार हे त्याला ठाऊक असते आणि प्रत्येक वेळी पाऊल त्याच वाटेवर पडते. त्याच्याजवळ दस्तऐवज एकच, स्मृती. तोही हळूहळू पुसट होतो, आणि मांत्रिकाची भेट हेच एक स्वप्न असावे असे त्याला वाटू लागते. लवणाला साक्षीदार सापडला आणि निरर्थक ठरला. ओसोकिनला साक्षीदार सापडत नाही, आणि म्हणूनच तो त्याच मांत्रिकाच्या खोलीत पुन्हा येऊन उभा राहतो. कथानकाची वीण जागोजागी सैल आहे, पण शाळेतल्या कंटाळ्याची वर्णने इतकी खरी आहेत, की तत्त्वज्ञान नको असलेल्या वाचकानेही ती वाचावीत.

मराठीत या विषयावर बोलायचे तर जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेपाशी यावेच लागते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर काय झाले असते, या विचारात गढलेले इतिहासाचे प्राध्यापक अपघातानंतर थेट तशाच एका जगात जाऊन पडतात. तिथे मराठे जिंकलेले असतात. मुंबईत एशियाटिकच्या ग्रंथालयात ते रीतसर संशोधन करतात, आणि परत येतात ते खिशात एका बखरीचे फाटके पान घेऊन, ज्यात गोळी विश्वासरावांना चाटून गेल्याचे लिहिले आहे. मित्र राजेंद्र देशपांडे त्या पानाची संगती पुंजभौतिकीच्या आधारे लावून देतो. ही कथा आध्यात्मिक नाही आणि तशी ती व्हावी असा लेखकाचा आग्रहही नाही. परंतु गंगाधरपंतांना आत्मज्ञान होते ते बखरीने नव्हे. हजाराव्या अध्यक्षीय भाषणाच्या उंबरठ्यावर असलेल्या या गृहस्थाला आझाद मैदानावर एक रिकामी अध्यक्षीय खुर्ची दिसते, ते सवयीने तिच्यावर जाऊन बसतात, आणि अध्यक्षांवाचून सभा चालविण्याची रीत असलेले तिथले श्रोते त्यांना टोमॅटो आणि अंडी मारून हाकलतात. परतल्यावर ते पानिपतावरील परिसंवादाच्या अध्यक्षपदाला नकार कळवितात. आमच्या सार्वजनिक जीवनात याहून दुर्मीळ आत्मबोध मला तरी आठवत नाही.

या सर्वांहून कठोर पुस्तक ऑक्टेव्हिया बटलर यांचे ‘किन्ड्रेड’, १९७९ सालचे. यात विज्ञान नाही म्हणून लेखिकेने त्याला विज्ञानकथा म्हणण्याचे नाकारले होते. डेना ही कृष्णवर्णीय लेखिका १९७६ च्या लॉस एंजलिसमधून वारंवार एकोणिसाव्या शतकातील मेरीलँडच्या मळ्यावर खेचली जाते, कारण तिथला मालकाचा गोरा मुलगा रूफस जेव्हा जेव्हा मरणाच्या दारात असतो तेव्हा त्याला वाचविणे तिच्या माथी येते. तोच तिचा पूर्वज आहे. त्याने गुलाम केलेल्या ॲलिसच्या पोटी हेगरचा जन्म होईपर्यंत त्याला जिवंत ठेवल्याखेरीज डेनाचे स्वतःचे असणेच संपते. मी कोण, या प्रश्नाचे तिला मिळालेले उत्तर हे असे आहे. शेवटच्या खेपेस परतताना तिचा डावा हात भिंतीत अडकून तुटतो, आणि पोलिसांना समजावता येईल असा त्याचा कोणताही जबाब तिच्यापाशी नसतो.

मग तीही गाधीसारखी चौकशीला निघते. नवऱ्यासह मेरीलँडला जाऊन जुनी दफ्तरे धुंडाळते. वृत्तपत्रात रूफसच्या मृत्यूची बातमी मिळते, घराला आग लागून गेला अशी. आणि मळ्यावरील गुलामांच्या विक्रीची जाहिरात मिळते, तीत अंदाजे वये आणि अंगची कौशल्ये यांसह नावे दिलेली. काही नावे आहेत. हेगरचे नाव नाही. मालक कसा गेला हे कागद सांगतात, आणि ज्यांच्यासाठी डेना गेली त्यांतल्या निम्म्यांविषयी गप्प राहतात.

बटलर वाचल्यावर मी लवणाख्यान पुन्हा काढले, आणि या वेळी राजाच्या मागे न जाता विंध्यातच थांबलो. राजाला आपली हकीकत ताडून पाहायला ती म्हातारी उपयोगी पडते. तिचे सांत्वन करून तो राजधानीला परततो आणि तिथे वसिष्ठांचा खुलासा सुरू होतो. तिच्या बाजूने ही गोष्ट कोणी सांगितलेली नाही. दुष्काळात मुलगी गेली, नातवंडे गेली, कुठून तरी आलेला आणि जन्मभर इमाने राबलेला जावई गेला. मग एके दिवशी हत्तीघोडे, मंत्री असा सगळा लवाजमा घेऊन एक राजा येतो, तिला घरच्या माणसांची नावे विचारतो, उत्तरे ऐकून आश्चर्य करतो, आणि निघून जातो. बत्तीस हजारांच्या ग्रंथात तिला एक सर्ग द्यायला हरकत नव्हती.