चामड्याचा रूळ, लोखंडी सुरी

संपादकांनी धरणगावला पाठवलं ते बालकवींसाठी; 1890 मध्ये त्यांचा जन्म इथेच झाला. पण वाटेत कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनच्या फाटकातून आत डोकावलो आणि कवी मागे राहिले.

गावचा इतिहास ऐसपैस आहे: ईस्ट इंडिया कंपनीची वखार, आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याची भिल्ल पलटण. कापसापुरतं बोलायचं तर 1855 मध्ये सरकारने इथे करवती जिनांचा कारखाना काढला होता. करवतीचे दात सरकीवरून तंतू ओरबाडतात. देशी कापसाचा आधीच आखूड धागा त्यात आणखी तुटायचा. पुढे अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली, त्याच दशकात खानदेशातून आगगाडी धावू लागली आणि मागोमाग वाफेवरचे जिन आले.

टिकला तो रूळ-जिन. मॅकार्थी यांचं हे 1840 चं अमेरिकन पेटंट, आणि त्याचीच दुहेरी रुळाची आवृत्ती आजही फिरते आहे. चामड्याच्या चकत्या दाबून बसवलेल्या रुळाला एक स्थिर सुरी घट्ट टेकलेली असते. खरखरीत चामड्याला धरून तंतू सुरीखालून पलीकडे जातो. सरकी त्या फटीत मावत नाही, अलीकडेच अडते. मग दुसरी, हलती सुरी तिला ठोसे देऊन सोडवते. धागा ओढला जातो, कापला जात नाही. इतकं साधं आणि इतकं अचूक यंत्र मी क्वचितच पाहिलं आहे.

तिथला फिटर सुरीचा दाब आवाजावरून ओळखतो. दाब वाढला की चामडं तापून जळका वास सुटतो. कमी झाला की रुईत सरकीचे तुकडे उतरतात. रुळावरच्या खाचा झिजल्या की त्या पुन्हा पाडायच्या, हेही त्याचंच काम. बोलता बोलता तो मध्येच थांबून कान देई, आणि मीही गप्प होई.

यंत्रापाशी कापूस पुरवणाऱ्या बायका होत्या. पूर्वी हातचरकीवर सरकी काढायच्या त्याही बायकाच. वाफेने ते काम घरातून उचलून रोजंदारीवर नेलं. 1884-85 च्या मुंबई फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशातल्या जिनांबद्दल साक्ष झाली. ऐन हंगामात तेच मजूर, बहुतेक बायका, आठ-आठ दिवस रात्रंदिवस राबत. ते थकून पडले की दुसरे आणत. 1881 च्या कायद्याचा त्यांना उपयोग नव्हता, कारण वर्षात चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने त्यातून वगळलेले होते. 1891 मध्ये बायकांच्या कामाला 11 तासांची मर्यादा आली, तीही पन्नास किंवा अधिक माणसं असलेल्या कारखान्यांपुरती. ती साक्ष आठवली की त्या सुंदर यंत्राकडे निवांतपणे बघवत नाही.

आज काळजी वेगळी आहे. गुलाबी बोंडअळीने शेतकऱ्याला कापसापासून दूर लोटलं. तो मक्याकडे वळतो, आणि कापूस कमी आला की जिनचा हंगाम आखडतो. हंगाम आखडला की पहिली मजुरी बुडते ती या बायकांची. शिवाय रुळांचं चामडं क्रोमने कमावलेलं असतं. घासताना त्याची भुकटी रुईत आणि हवेत मिसळते. क्रोमशिवायचे रूळ मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान संस्थेने तयार केलेले आहेत. ते प्रत्येक जिनमध्ये बसवायला हवेत, आणि तोवर नाकाला ओढणी गुंडाळून काम करणाऱ्या बायकांना धड मुखपट्टी मिळायला हवी. ही मागणी मी त्या फिटरसमोर मांडली. त्याने मान डोलावली आणि सांगितलं, चामड्याचा हा रूळ झिजला की पुढचा कुठला आणायचा ते मालक ठरवतो.