चार स्क्रूंवर बारा दात

वरची पूर्ण कवळी टाळू झाकून टाकते. त्यामुळे घासातला बारीक काटा टाळूला कळत नाही आणि कधी कधी तो गिळला जातो. सातपाटीसारख्या गावात, जिथे रोजचं जेवण मासळीवर चालतं, ही लहान तक्रार नव्हे. तरीही ‘म्हातारपणी हे चालायचंच’ म्हणून सोडून दिलं जातं. पण यावर उपाय आहे: जबड्याच्या हाडात टायटॅनियमचे स्क्रू, म्हणजे इम्प्लांट, बसवून त्यांवर दातांची अख्खी ओळ पक्की करता येते आणि टाळू मोकळा राहतो.

दर दाताला एक स्क्रू लागतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. पाउलो मालो या पोर्तुगीज दंतवैद्यांनी १९९० च्या दशकात लिस्बनमध्ये चारच स्क्रूंवर पूर्ण ओळ बसवण्याची पद्धत रूढ केली. मागचे दोन स्क्रू तिरके घालतात, म्हणजे वर सायनसची पोकळी आणि खाली जबड्यातली नस टळते. म्हणून हाड कमी असलं तरी बऱ्याचदा काम होतं. कुणाला सहा लागतात. ते स्कॅन पाहूनच ठरतं.

सगळ्यात घातक समज ‘एका दिवसात कायमचे दात’ हा. त्या दिवशी मिळतात ते तात्पुरते, ॲक्रिलिकचे, आणि तेही स्क्रू पुरेसे घट्ट बसले तरच. हाड टायटॅनियमला धरून वाढतं, हे स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांच्या १९५२ मध्ये लक्षात आलं. पण त्याला साधारण तीन ते सहा महिने लागतात. तेवढ्यात स्क्रू हलत राहिला, तर त्याभोवती हाडाऐवजी मऊ पडदा तयार होतो आणि स्क्रू सैल पडतो. म्हणून त्या काळात मऊ भात, कालवणातला मासा. भाजलेला सुका बोंबील अजिबात नाही.

मधुमेह किंवा वय आड येत नाही, साखर मात्र आटोक्यात हवी. तंबाखूची गोष्ट वेगळी. मिश्रीने दात बळकट होतात, हे साफ खोटं आहे. तिने हिरड्या खराब होतात. तोंडात पांढरा चट्टा असेल तर आधी त्याची तपासणी, मग दात.

स्क्रूला कीड लागत नाही हे खरं, पण सफाई नसेल तर त्याभोवतीची हिरडी सुजते आणि हाड झिजतं. दातांची ओळ (ब्रिज) आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत गालाकडून फ्लॉसच्या धाग्याचं ताठ टोक घालून जिभेकडून ओढायचं, हे रोजचं काम आहे.

खर्च झेपत नसेल, तर खालच्या जबड्यात दोनच स्क्रू आणि त्यांवर बटणासारखी अडकणारी कवळी बसवता येते. २००२ मध्ये मॉन्ट्रियलला जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या जबड्यासाठी पहिली पसंती हिलाच दिली होती.