बँकनोकरांच्या वेतनकराराची पूर्वसिद्धता

मध्यमवर्गीय घरांतून आज मुलगा, सून किंवा जांवई यांपैकीं कोणी ना कोणी बँकेच्या नोकरींत असतोच. वेतनकरार झाल्याची वार्ता आली म्हणजे घरीं 'पगार किती वाढला' एवढाच प्रश्न विचारला जातो. परंतु त्या वाढीपूर्वीं नोकरवर्गाच्या संघांस केवढी सिद्धता करावी लागते, याची कल्पना घरच्या मंडळींस सहसा नसते. कौटिल्याच्या सहा गुणांत संधि पहिला खरा. पण संधि करावयास बसणाऱ्यानें आपलें व परपक्षाचें बल आधीं मोजलेलें असावें लागतें.

पूर्वीं हे पगार न्यायाधिकरणाच्या निवाड्यानें ठरत. शास्त्री निवाडा १९५३ चा, देसाई निवाडा १९६२ चा. १९ ऑक्टोबर १९६६ रोजीं पहिला द्विपक्षीय करार झाला आणि निवाड्याच्या जागीं वाटाघाट आली. १९६९ सालीं चौदा मोठ्या बँका सरकारी झाल्या, तरी ही रीत मोडली नाहीं. बाराव्या करारावर ८ मार्च २०२४ रोजीं सह्या झाल्या. तो १ नोव्हेंबर २०२२ पासून पांच वर्षांचा.

सिद्धतेचा आरंभ मागणीपत्रापासून होतो. शाखाशाखांतून सूचना येतात. कोणास बदलीचा जाच, कोणास औषधोपचाराचा खर्च, कोणास शनिवारची सुटी. हें सर्व लिहून काढणें सोपें. त्यांतील कोणतें कदापि सोडावयाचें नाहीं, हें ठरविणें कठीण. त्याहून कठीण काम हिशेबाचें. बाराव्या करारांत १७ टक्के वाढ मिळाली, असें आपण वाचलें. ती बँकांच्या २०२१-२२ च्या एकूण वेतनखर्चावर मोजलेली होती. प्रत्येकाचा पगार तितका वाढला, असा तिचा अर्थ नव्हे. जुना महागाईभत्ता मूळ वेतनांत मिळवून त्यावर नवी भर पडली ती ३ टक्क्यांची. उरलेली रक्कम भत्त्यांत व इतर बाबींत वांटली गेली.

समजा, महिन्यास हजार रुपये वाढावयाचे आहेत. ते मूळ वेतनांत पडले, तर जुन्या निवृत्तिवेतन योजनेंतील नोकरास पुढें त्यांवर निवृत्तिवेतनहि मिळतें. 'विशेष भत्ता' या नांवाखालीं पडले, तर आजचें वाण्याचें बिल भागतें, पण निवृत्तीच्या दिवशीं ते हिशेबांतून वगळले जातात. म्हणून जाणता सभासद किती टक्के हें विचारण्याआधीं कोणत्या रकान्यांत, हें विचारतो.

धीरहि लागतो. २०१८ सालीं बँकांनीं प्रथम २ टक्केच देऊं केले. ३० व ३१ मे रोजीं देशभर संप झाला. अखेर १५ टक्क्यांवर करार झाला तो ११ नोव्हेंबर २०२० रोजीं, म्हणजे मागील मुदत संपल्यावर तीन वर्षांनीं! २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आलेल्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणें संपापूर्वीं १४ दिवसांची सूचना द्यावी लागते; आणि अनेक संघ असतील तेथें ५१ टक्के कामगार ज्याच्या यादींत, त्यासच बोलणीं करण्याची एकट्याची मान्यता. तेव्हां वर्गणीची पावतीपुस्तकें नीट ठेवणें हाहि सिद्धतेचाच भाग झाला.

प्रस्तुत लेखक शाळेंतून निवृत्त झालेला. वेतन आयोग आला कीं आमचें निवृत्तिवेतनहि थोडेंबहुत हलतें. बँकेंतील आमच्या समवयस्कांचें तसें नाहीं. २९ ऑक्टोबर १९९३ च्या करारानें त्यांस निवृत्तिवेतन मिळालें. पुढें पगार वाढत गेले, पण जुन्यांचें मूळ निवृत्तिवेतन तेथेंच राहिलें. २०२४ सालीं त्यांस दरमहा कांहीं रक्कम देण्याचें ठरलें, ती 'सानुग्रह' या नांवानें. संस्कृत शिकविण्यांत जन्म गेलेल्या माणसास हा शब्द बोंचतो. अनुग्रह म्हणजे देणाऱ्याची कृपा. तीवर घेणाऱ्याचा हक्क चालत नाहीं. वाटाघाटीच्या मेजाशीं या वृद्धांस खुर्ची नाहीं. त्यांची मागणी यादींत कितवी लिहावयाची, हें आज नोकरींत असलेले सभासदच ठरविणार.