निर्देशकाच्या आलेखातील रंग आणि लेबले

शेअरबाजाराच्या आलेखांचा अभ्यास करणारा विद्यार्थी निर्देशकाचे गणित ज्या काळजीने तपासतो, त्याच काळजीने त्याचे रंग आणि त्यावरील लेबले तपासतो, असे सहसा आढळत नाही. सूत्र हा शास्त्राचा भाग आणि रंग ही सजावट, अशी वाटणी त्याच्या मनात आधीच झालेली असते. ही वाटणी फसवी आहे. आलेख पाहणाऱ्यास सूत्र दिसत नाही. त्यास दिसतो तो रंग आणि वाचता येते ते लेबल. कोणती गोष्ट घडली आणि ती कोणत्या क्षणी ज्ञात झाली, याविषयीचे विधान आलेख या दोहोंच्याच द्वारे करीत असतो. सूत्र सर्वथा निर्दोष असूनही हे विधान असत्य असू शकते.

उदाहरणादाखल 'रिलेटिव्ह स्ट्रेंग्थ इंडेक्स' अर्थात सापेक्ष-बल-निर्देशांक हा सुपरिचित निर्देशक आणि ट्रेडिंगव्ह्यू या आलेखनप्रणालीची 'पाइन स्क्रिप्ट' ही भाषा घेणे सोयीचे होईल. वेलेस वाइल्डर याने १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या निर्देशांकाची पद्धती मांडली. भाववाढीची आणि भावघटीची सरासरी निरनिराळी काढावयाची. पुढील प्रत्येक सत्रात जुन्या सरासरीस तेरा पट भार देऊन तीत नव्या सत्राचा आकडा मिळवावयाचा आणि बेरजेस चौदाने भागावयाचे. दोन सरासऱ्यांच्या गुणोत्तराचे ० ते १०० या मापावर रूपांतर करावयाचे, असा हा हिशेब आहे. ७० च्या वर अतिखरेदी आणि ३० च्या खाली अतिविक्री हा संकेतही तेथूनच रूढ झाला.

स्क्रिप्टमध्ये ही रेषा काढण्याची आज्ञा 'प्लॉट' ही होय. तीत अंकमालिका द्यावी लागते; तिचे नाव आणि तिचा रंगही देता येतो. रंगाच्या जागी एकच रंग न देता अट घालता येते: निर्देशांक ७० च्या वर असेल तर एक रंग, ३० च्या खाली असेल तर दुसरा, एरवी करडा. 'कलर.न्यू' या आज्ञेने रंगास पारदर्शकता देता येते. तिचे माप ० ते १०० असून ० म्हणजे पूर्ण भरीव आणि १०० म्हणजे अदृश्य. दोन रंगांमधील क्रमिक छटा काढून देणारी आज्ञाही आहे. यांपैकी काय निवडावे हा अभिरुचीचा प्रश्न नव्हे. अटीनुसार रंग बदलला की ६९.९ आणि ७०.१ ही जवळजवळ समान मूल्ये डोळ्यांस दोन निराळ्या जगांतील वाटू लागतात. ७० ची सीमा निसर्गदत्त नाही, ती केवळ सांकेतिक आहे. जेथे सीमा ओलांडणे हाच अभ्यासाचा विषय आहे, तेथे तुटक रंग योग्य. जेथे निर्देशांकाची चढउतार दाखवावयाची आहे, तेथे क्रमिक छटाच अधिक प्रामाणिक ठरते.

एक व्यावहारिक अडचण येथेच नोंदविली पाहिजे. रंग जर स्क्रिप्ट चालू असताना गणिताने ठरत असेल, क्रमिक छटा हे त्याचे ठळक उदाहरण, तर प्रणालीच्या 'स्टाइल' या पानावर तो बदलण्याची सोय नाहीशी होते. दुसऱ्याने लिहिलेली स्क्रिप्ट वापरणारे विद्यार्थी येथे हमखास अडतात. मूळ रंग 'इनपुट.कलर' या आज्ञेने मागवून त्यांवरून छटा काढली, म्हणजे ही अडचण उरत नाही.

आता रंग कोणते घ्यावयाचे, हा प्रश्न. मुंबईच्या बाजारात हिरवा म्हणजे वाढ आणि तांबडा म्हणजे घट हे इतके अंगवळणी पडलेले आहे की तो संकेत आहे याचेच विस्मरण होते. चीनमध्ये याच्या नेमके उलट, तांबडा वाढीचा आणि हिरवा घटीचा मानतात. दक्षिण कोरियात तांबडा वाढीचा आणि निळा घटीचा. शांघायच्या बाजाराचा तेथील प्रथेनुसार रंगविलेला आलेख खुलाशावाचून प्रबंधात घातला, तर वाचक तेजीस मंदी समजेल.

याहून गंभीर दोष हिरव्या-तांबड्या जोडीतच आहे. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांपैकी सुमारे ८ टक्क्यांना या दोन रंगांत भेद करणे कठीण जाते. इतर लोकसमूहांत हे प्रमाण कमीअधिक असले तरी नगण्य नाही. शिवाय प्रबंध पुष्कळदा काळ्या शाईतच छापले जातात. कँडलसाठी बरीच वर्षे प्रचलित असलेली एक जोडी घेऊन हिशेब करून पाहता येईल. तीतील हिरव्यात तांबडा, हिरवा आणि निळा हे घटक अनुक्रमे ३८, १६६ आणि १५४ असतात. तांबड्यात ते २३९, ८३ आणि ८० असतात. या घटकांना ०.२९९, ०.५८७ आणि ०.११४ असे रूढ भार देऊन करड्या छटेचे मूल्य काढले, तर पहिल्याचे सुमारे १२६ आणि दुसऱ्याचे सुमारे १२९ येते. २५५ च्या मापावर अवघा तीनचा फरक! पडद्यावर परस्परविरोधी भासणारे हे रंग कागदावर एकच होतात. याउलट, मासाताका ओकाबे आणि केई इतो या जपानी संशोधकांनी रंगांधांचा विचार करून सुचविलेल्या रंगांपैकी निळा (०, ११४, १७८) आणि नारिंगी (२३०, १५९, ०) घेतले, तर मूल्ये सुमारे ८७ आणि १६२ येतात. स्क्रिप्टमधील दोन आकडे बदलण्याचेच हे काम आहे.

लेबलांचा विषय अधिक नाजूक आहे, कारण लेबलाशी काळ निगडित असतो. इतिहासजमा झालेल्या प्रत्येक कँडलवर स्क्रिप्ट एकदाच, तिच्या बंद भावावर, चालते. चालू कँडलवर मात्र भावाच्या प्रत्येक बदलासरशी ती पुन्हा चालते, आणि प्रत्येक वेळी आधीचे त्या कँडलपुरते काम पुसून टाकते. समजा, दैनिक आलेखावर निर्देशांक ७० ओलांडताच लेबल लावण्याची आज्ञा आहे. दुपारी तो ७१ झाला, लेबल उमटले. बाजार बंद होताना तो ६८ वर आला, लेबल नाहीसे झाले. दुसऱ्या दिवशी आलेख पाहणाऱ्यास त्या लेबलाचा मागमूसही लागत नाही. त्या दुपारी ज्याने व्यवहार केला, त्याच्या दृष्टीने संकेत मिळाला होता. आलेखाच्या दृष्टीने तो कधी मिळालाच नव्हता. जुन्या आलेखावरून संकेतांचे यशापयश मोजणारा विद्यार्थी अशा रीतीने नकळत फक्त टिकून राहिलेले संकेतच मोजतो. अटीस 'बारस्टेट.इझकन्फर्म्ड' हे पद जोडले, म्हणजे कँडल पूर्ण होईपर्यंत लेबल लागत नाही. संकेत उशिरा मिळतो, परंतु जो मिळतो तो पुसला जात नाही.

शिखरे आणि तळ दाखविणाऱ्या लेबलांत फसवणूक निराळ्या वाटेने शिरते. एखादा उच्चांक शिखर आहे हे ठरविण्यास त्याच्या उजवीकडील काही कँडल पाहाव्या लागतात. ही संख्या पाच ठेवली, तर निर्णय पाच कँडलनंतर होतो. पण लेबल बहुधा पाच कँडल मागे सरकवून नेमके शिखरावर लावले जाते आणि मग आलेख पाहणाऱ्यास वाटते की निर्देशकाने भावाचे प्रत्येक वळण अचूक हेरले. गणितात चूक नाही. लेबलाची जागा मात्र खोटे बोलते. ज्यास संशोधन करावयाचे आहे, त्याने लेबल निर्णयाच्या कँडलवर लावावे. शिखर दाखविणे अटळच असेल, तर तेथे फिका रंग वापरून निर्णयाच्या जागी भरीव रंगाची दुसरी खूण करावी आणि लेबलाच्या मजकुरात 'पाच कँडलनंतर निश्चित' असे स्पष्ट लिहावे. 'लेबल.न्यू' या आज्ञेतील मजकूर प्रत्येक कँडलवर बदलता येतो, म्हणून त्यात निर्णयाच्या वेळचा भावही सहज घालता येईल. 'प्लॉटशेप' या आज्ञेच्या मजकुरास ही मुभा नाही. तो सर्वत्र एकच राहतो.

मोजणी करणाऱ्यांसाठी आणखी एक सापळा आहे. वेगळे सांगितले नाही, तर ही प्रणाली शेवटची सुमारे ५० लेबलेच ठेवते आणि जुनी क्रमाने काढून टाकते. 'इंडिकेटर' या आज्ञेत मर्यादा वाढवून ती ५०० पर्यंत नेता येते, त्यापुढे नाही. दहा वर्षांच्या आलेखावरील लेबले मोजून वारंवारता काढणाऱ्याची मोजणी या मर्यादेपाशीच थांबलेली असते. मोजणी गणकचल ठेवून करावी.

शेवटी रेषांच्या नावांविषयी. 'प्लॉट'ला दिलेले नाव केवळ शोभेसाठी नसते: सूचनांच्या मजकुरात मूल्य मागविताना तेच नाव लागते, आणि आलेखातील आकडे धारिणीत उतरवून घेतले म्हणजे स्तंभाचे शीर्षकही तेच होते. नाव न दिल्यास प्रत्येक स्तंभावर 'प्लॉट' हाच शब्द येतो, आणि कोणता स्तंभ चौदाच्या कालावधीचा व कोणता एकविसाच्या, हे सहा महिन्यांनी स्क्रिप्ट लिहिणाऱ्यासही सांगता येत नाही. हे नाव स्क्रिप्ट चालण्यापूर्वीच निश्चित असावे लागते. वापरणाऱ्याने कालावधी १४ चा २१ केला तरी 'आरएसआय १४' हे नाव जसेच्या तसे राहते. तेव्हा बदलू शकणारा आकडा नावात घालू नये. तो स्वतंत्र रेषेच्या रूपाने, पडद्यावर न दाखवता, मालिकेत ठेवावा. म्हणजे धारिणीतील प्रत्येक ओळीसमोर ती कोणत्या कालावधीने काढली याची नोंद राहते.